धूळपाटीपासून संगणकापर्यंत : शिक्षकाला काय ठाऊक असावे लागते?

शाळेला काय हवे असा प्रश्न आज कोणत्याही गावात विचारला, तर उत्तर ठरलेले असते. संगणक हवा, प्रोजेक्टर हवा, मुलांच्या हाती टॅब्लेट हवेत. मग कोठे एखादा सधन गृहस्थ देणगी देतो, कोठे माजी विद्यार्थी वर्गणी जमवितात, कोठे सरकारी योजना येते. वस्तू येते, नारळ फुटतो, चार भाषणे होतात, छायाचित्र निघते. दोन वर्षांनी त्याच शाळेत जावे, तर ती वस्तू पुष्कळदा कपाटात, कुलपाखाली, वर आच्छादन घालून ठेवलेली आढळते. मग वाद सुरू होतो. एक पक्ष म्हणतो, यंत्रच कुचकामाचे. दुसरा म्हणतो, मास्तरच आळशी. आम्हांला ही दोन्ही उत्तरे उथळ वाटतात. ती तशी का वाटतात, हे इतिहासाच्या आधाराने सांगावे, एवढाच आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे.

आमचे म्हणणे आरंभीच थोडक्यात मांडतो. नवे साधन शाळेत आणणे ही एक गोष्ट आणि ते शिकवण्यात आणणे ही दुसरी. पहिलीला पैसा लागतो, दुसरीला ज्ञान लागते. आणि हे ज्ञान बटणे दाबण्याचे नव्हे. कोणता धडा, कोणत्या मुलाला, नेमका कोठे अडतो आणि तेथे हे साधन उपयोगी पडते की नाही, हे जाणण्याचे ते ज्ञान आहे. दोन-सव्वादोनशे वर्षांत साधने अनेक आली आणि गेली. पण या ज्ञानाची किंमत समाजाने क्वचितच ओळखली.

प्रारंभ आपल्याच देशातील एका गोष्टीने करू. १७८९ साली अँड्र्यू बेल नावाचे एक स्कॉटिश पाद्री मद्रासेस एग्मोर येथील लष्करी अनाथ मुलांच्या शाळेचे अधीक्षक झाले. एकदा घोड्यावरून फिरावयास निघाले असता त्यांना एक देशी शाळा दिसली. मुले जमिनीवर बसली होती आणि पुढ्यातील वाळूत बोटाने अक्षरे काढीत होती. आपल्याकडेही हेच चाले. फळीवर धूळ पसरावयाची, तीत बोटाने किंवा काडीने अक्षर गिरवावयाचे आणि हाताने पुसून पुन्हा काढावयाचे. ही आपली धूळपाटी. 'धुळाक्षरे' हा शब्द तिच्यामुळेच आपल्या भाषेत राहिला. कागद नको, शाई नको, आणि चूक झाली तर ती क्षणात नाहीशी.

बेलसाहेबांना हे साधन फार आवडले. आपल्या शाळेतील शिक्षकांनी मुळाक्षरे याच रीतीने शिकवावीत, असे त्यांनी सांगितले. शिक्षकांच्या हातून ते होईना. तेव्हा त्यांनी एका आठ वर्षांच्या मुलाला मुळाक्षरांच्या वर्गावर नेमले, आणि जे थोरांना साधले नाही ते त्या पोराने करून दाखविले. पुढे १७९७ साली बेलसाहेबांनी या प्रयोगाची हकीकत लंडनमध्ये छापली. त्याच सुमारास तेथे जोसेफ लँकेस्टर यांनीही मोठ्या मुलांनी लहानांना शिकविण्याची शाळा काढली होती. या दोघांच्या नावाने ही 'मॉनिटर' पद्धत जगभर पसरली.

या गोष्टीकडे नीट पाहा. वाळूत अक्षर काढणे त्या शिक्षकांना येत नसेल, असे कोण म्हणेल? साधन तर पायाखाली पडलेले, फुकटचे. अडचण साधनाची नव्हती. लिहिणे आणि वाचणे ही एकाच वेळी, हाताने आणि डोळ्याने मिळून शिकावयाची गोष्ट आहे, हा त्या साधनापाठीमागचा विचार त्यांच्या अंगवळणी पडला नव्हता, असे आम्हांला वाटते. पुढे या पद्धतीचे जे झाले तेही बोधप्रद आहे. एका शिक्षकाच्या हाताखाली शेकडो मुले बसू लागली, आणि मॉनिटरने म्हणावे व इतरांनी ओरडावे एवढेच शिक्षण उरले. साधन राहिले, शिस्त राहिली. विचार गळून पडला.

आता मुंबईकडे येऊ. १८२० नंतरच्या दशकात मुंबईत देशी मुलांसाठी शाळा व पुस्तके तयार करण्याकरिता एक मंडळी स्थापन झाली. तिने आपल्या मुलखातील शिक्षणाची पाहणी केली आणि चार उणिवा सांगितल्या : पुस्तके नाहीत, शिकविण्याची सोपी व परिणामकारक रीत नाही, लायक शिक्षक नाहीत आणि पैसा नाही. दोनशे वर्षांपूर्वीची ही यादी आजही जुनी वाटत नाही. त्या काळी छापील पुस्तक हेच नवे तंत्र होते. पण मंडळीने केवळ पुस्तके छापून समाधान मानले नाही. तिने मुंबईत पंतोजी तयार करून ते जिल्ह्याजिल्ह्यांत शाळा चालविण्यासाठी पाठविले. पुस्तक पाठवावयाचे तर ते उघडून शिकविणारा माणूसही पाठविला पाहिजे, एवढे व्यवहारज्ञान त्या मंडळींना होते. पुढच्या पिढ्यांना ते नेहमीच राहिले असे नाही.

फळ्याची गोष्ट याहून वेगळी आहे. आज फळ्याला कोणी यंत्र किंवा तंत्र म्हणणार नाही. पण एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते शाळेतले मोठे नवे साधन होते. अमेरिकेत वेस्ट पॉइंट येथील लष्करी शाळेत गणितासाठी आणि स्कॉटलंडात एडिंबरो येथे जेम्स पिलान्स यांच्या वर्गात भूगोलासाठी त्याचा वापर झाल्याचे सांगतात. पिलान्स रंगीत खडूंनी नकाशे काढीत. आता छापील नकाशा आणि फळ्यावर मुलांदेखत वाढत जाणारा नकाशा यांत फरक काय? छापील नकाशात सगळे एकदमच असते. मुलाची दृष्टी कोठे ठरत नाही. फळ्यावर आधी किनारा येतो, मग सह्याद्री, मग त्याच्या पूर्वेला वाहणाऱ्या नद्या, मग त्यांच्या काठची गावे. कोणत्या गोष्टीमागून कोणती काढावयाची, हा क्रम शिक्षकाच्या डोक्यात असावा लागतो, आणि तो क्रम म्हणजेच भूगोलाची समज होय. फळा यशस्वी झाला, कारण पिढ्यान्‌पिढ्यांच्या शिक्षकांनी हे ज्ञान एकमेकांपासून उचलले. ते इतके मुरले की फळा हे साधन आहे याचाच आपल्याला विसर पडला. साधन मुरावयास किती काळ लागतो, याचे हे माप समजावे.

विसाव्या शतकाला तेवढा धीर नव्हता. १९१३ साली एडिसन यांनी जाहीर केले की शाळांतील पुस्तके लवकरच कालबाह्य होतील, चित्रपट सर्व विषय शिकवील आणि दहा वर्षांत शाळेचे रूप पार पालटेल. एडिसन हे साधे असामी नव्हते. दिवा आणि ध्वनिमुद्रण ज्यांनी घरोघर पोचविले त्यांचा हा शब्द. दहा वर्षे गेली, शंभर वर्षे गेली, आणि पुस्तक मुलांच्या दप्तरात आहेच. चित्रपटामागून नभोवाणी आली. इंग्लंडात १९२४ पासून शाळांसाठी कार्यक्रम होऊ लागले. नभोवाणीमागून दूरचित्रवाणी आली. दिल्लीच्या शाळांत ती १९६१ साली पोचली. लॅरी क्यूबन या अमेरिकन इतिहासकाराने १९८६ साली या सर्व प्रकरणाचा आढावा घेणारे पुस्तक लिहिले. त्यांना दरवेळी एकच चक्र दिसले. आधी मोठमोठी आश्वासने, मग शाळांत यंत्रांची भरती, मग त्यांचा तुरळक वापर, आणि अखेरीस शिक्षकांच्या नावाने बोटे मोडणे.

शिक्षक ती यंत्रे का वापरीत नसत? त्यांच्या बाजूने पाहिले तर कारणे साधी आहेत. नदीचा धडा सोमवारी आणि नदीचा चित्रपट पुढच्या महिन्यात. नभोवाणीचा कार्यक्रम अकरा वाजता आणि वर्गाचा तास बाराला. चित्रपट एकदा सुरू झाला की मध्येच एखाद्या मुलाची मुद्रा गोंधळलेली दिसली तरी तो थांबत नाही. फळा मात्र थांबतो. जे साधन मुलाच्या मुद्रेप्रमाणे थांबत नाही, ते चांगला शिक्षक जपूनच वापरणार. याला आळस म्हणणे हा अन्याय आहे.

दूरचित्रवाणीचे दोन मोठे प्रयोग येथे शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. पहिला पॅसिफिक महासागरातील अमेरिकन समोआ या बेटांवरचा. १९६४ साली तेथील गव्हर्नरांनी सगळे शिक्षणच दूरचित्रवाणीवर उभारले. मुख्य धडा स्टुडिओतून यावयाचा आणि वर्गातील स्थानिक शिक्षकाने त्यामागून सराव घ्यावयाचा, अशी योजना. आरंभी तिचे कौतुक झाले. पण वर्षे गेली तसतसे शिक्षकच तिला कंटाळले, आणि दूरचित्रवाणी मुख्य आसनावरून उतरून पूरक साधन होऊन बसली. यात नवल नाही. शिक्षकाला आपल्याच वर्गात दुय्यम केले, तर तो त्या यंत्राविषयी नवे काही शिकेल कशाला?

दुसरा प्रयोग आपल्या देशातला. १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत, पुरे एक वर्ष, अमेरिकेच्या उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखविण्यात आले. 'साइट' या नावाने तो प्रसिद्ध आहे. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान ही ती राज्ये. सकाळी शाळेतल्या मुलांसाठी आणि संध्याकाळी थोरांसाठी कार्यक्रम असत. अहमदाबादेच्या अवकाश उपयोग केंद्राचे संचालक त्या वेळी यशपाल होते. जाळीच्या मोठ्या छत्र्या खेड्यांत उभ्या राहिल्या, हेच बहुतेकांना आठवते. आमच्या मते त्यातील सर्वांत शहाणपणाचा भाग निराळाच होता. सुमारे ५०,००० प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसे शिकवावे याचे शिक्षण या काळात देण्यात आले. त्यांना नुसते पडद्यासमोर बसविले नाही. दूरचित्रवाणीवर पाहावयाचे, नभोवाणीवर ऐकावयाचे, मार्गदर्शक पुस्तिका उघडून साध्या वस्तूंनी प्रयोग करावयाचे आणि शेवटी एकत्र बसून चर्चा करावयाची, असा तो बेत होता. उपग्रह वर्षाने गेला. ज्या शिक्षकाला बाटली, पाणी आणि मेणबत्ती घेऊन हवेचा धडा करता येऊ लागला, त्याचे शिक्षण उपग्रहाबरोबर गेले नाही.

आता संगणकाकडे वळू. त्याची पूर्वतयारी १९५३ सालापासून झाली असे म्हणता येईल. त्या वर्षी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आपल्या मुलीच्या शाळेत गणिताचा वर्ग पाहावयास गेले. एकीकडे भराभर गणिते सोडवून रिकामी बसलेली मुले, दुसरीकडे पहिल्याच गणितात अडकलेली; आणि आपले उत्तर बरोबर की चूक हे कोणालाच लगेच कळत नाही, हे पाहून त्यांनी शिकविणारे यंत्र बनविले. लहान लहान प्रश्न, लगेच उत्तराची शहानिशा, प्रत्येकाची आपापली गती. पुढे सीमोर पॅपर्ट यांनी उलट वाट धरली. यंत्राने मुलाला चालविण्यापेक्षा मुलाने यंत्राला चालवावे, या विचाराने १९६७ साली त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह 'लोगो' ही संगणकाची भाषा तयार केली. तीत मूल पडद्यावरील कासवाला हुकूम देते आणि चौकोन काढता काढता भूमिती शिकते. दोघांची मते परस्परविरोधी; पण एका बाबतीत ते सारखे होते. दोघांनीही यंत्र घडविण्यापूर्वी मूल कसे शिकते याचा विचार केला होता. यंत्र विकत घेणाऱ्यांनी मात्र पेटी घेतली आणि विचार दुकानातच ठेवला.

भारतात १९८४-८५ साली निवडक २५० माध्यमिक शाळांत इंग्लंडहून आणविलेले 'बीबीसी मायक्रो' संगणक बसविण्यात आले. योजनेच्या नावातच 'संगणक-साक्षरता' होती. संगणक म्हणजे काय, हा विषय झाला. संगणकाने इतिहास किंवा बीजगणित अधिक चांगले कसे शिकवावे, हा प्रश्न बाजूला राहिला. आजही शिक्षकांच्या पुष्कळ प्रशिक्षणवर्गांत खाते कसे उघडावे आणि फाईल कशी जोडावी एवढ्यावरच दोन दिवस जातात.

मग शिक्षकाला ठाऊक असावे तरी काय? या प्रश्नाला सुस्पष्ट रूप देण्याचे श्रेय अमेरिकेतील ली शुलमन यांना जाते. १९८५ सालच्या एका अध्यक्षीय भाषणात, जे पुढच्या वर्षी छापले गेले, त्यांनी एक जुनी प्रश्नपत्रिका पुढे ठेवली. १८७५ साली, म्हणजे ज्या वर्षी न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली त्याच वर्षी, कॅलिफोर्नियात प्राथमिक शिक्षकांची परीक्षा झाली होती. १००० गुणांपैकी शिकविण्याच्या कलेला फक्त ५० गुण. बाकी सगळे विषयज्ञान. शंभर वर्षांनंतर लंबक दुसऱ्या टोकाला गेला. शिकविण्याच्या सर्वसाधारण रीतीच तेवढ्या तपासल्या जाऊ लागल्या आणि विषय हरवला. शुलमन म्हणाले, या दोहोंच्या मध्ये एक तिसरे ज्ञान आहे. अमुक विषय शिकणे कशाने कठीण होते, मुले कोणती चुकीची समजूत घेऊन वर्गात येतात आणि कोणते उदाहरण त्यांची गाठ सोडविते, हे ते ज्ञान. गणिततज्ज्ञाजवळ ते असेलच असे नाही. चांगल्या शिक्षकाजवळ ते असतेच.

आपल्या घरातले उदाहरण घेऊ. मराठीत आपण 'पंचवीस' म्हणतो तेव्हा पाच आधी येतो आणि वीस मागून. लिहिताना मात्र दोन आधी आणि पाच नंतर. लहान मूल कानाचे ऐकून २५ च्या जागी ५२ लिहिते. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' असेही संख्यावाचन दिले, तेव्हा महाराष्ट्रात केवढी खडाजंगी झाली हे आपणांस स्मरत असेलच. त्या वादात कोणी कोणती बाजू घेतली हे सोडून देऊ. मूल अडते कोठे, ही गोष्ट तरी त्यामुळे चारचौघांत बोलली गेली. आता समजा, टॅब्लेटवर २५ हा आकडा झळकतो आणि गोड आवाजात 'पंचवीस' असे ऐकू येते. मुलाची अडचण त्याने दूर होईल काय? शंभर वेळा ऐकले तरी गोंधळ तसाच राहू शकतो. पण तेच यंत्र दहा-दहा काड्यांच्या दोन जुड्या आणि पाच सुट्या काड्या दाखवील, मुलाकडून जुडी बांधवून घेईल, आणि कोणते मूल २५ चे ५२ करते हे शिक्षकाला कळवील, तर त्याचा उपयोग आहे. यांतील कोणता कार्यक्रम निवडावा हे यंत्र सांगत नाही. खऱ्या काड्या हाताशी असताना पडद्यावरच्या काड्या नकोतच, हा निर्णयही शिक्षकच घेऊ शकतो. साधन नाकारता येणे हाही त्याच्या ज्ञानाचा भाग आहे.

याच विचाराला २००६ साली पुण्य मिश्र आणि मॅथ्यू कोहलर या मिशिगन स्टेट विद्यापीठातील अध्यापकांनी पुढचे रूप दिले. यांपैकी मिश्र यांचे काही शिक्षण मुंबईच्या आय. आय. टी. त झालेले. त्यांनी एकमेकांना छेदणारी तीन वर्तुळे काढली : विषयाचे ज्ञान, शिकविण्याचे ज्ञान आणि तंत्राचे ज्ञान. तिन्ही स्वतंत्रपणे असून भागत नाही. जेथे ती तिन्ही एकमेकांवर येतात, त्या मधल्या लहानशा जागेत चांगले शिकवणे घडते. या सर्वांभोवती त्यांनी परिस्थितीची मर्यादा मानली. शाळा कोणती, मुले कोणती, वीज किती वेळ असते, हे सगळे तीत आले.

भूमितीचा दाखला घेतला म्हणजे ही मधली जागा स्पष्ट होईल. ऑस्ट्रियात २००१-०२ च्या सुमारास 'जिओजेब्रा' नावाचा कार्यक्रम तयार झाला आणि आज तो जगभर शाळांत वापरतात. पडद्यावर त्रिकोण काढावा, त्याचे टोक ओढावे. त्रिकोण कसाही वाकला तरी कोनांची बेरीज १८० अंशच. मुले चकित होतात. पण तंत्र तेवढे जाणणारा शिक्षक येथेच थांबतो, आणि मुले म्हणतात, दिसतेच आहे, मग सिद्धता कशाला? विषय जाणणाऱ्याला ठाऊक असते की शंभर त्रिकोण पाहिले म्हणजे सगळे पाहिले असे नव्हे. मुले जाणणाऱ्याला ठाऊक असते की हा प्रश्न येणारच. मग तो मुद्दाम विचारतो, "हे नेहमीच का व्हावे?" आणि पायाला समांतर रेषा काढून दाखवितो. तेव्हा यंत्राने उत्पन्न केलेले कुतूहल सिद्धतेकडे वळते. यंत्र तेच, त्रिकोण तोच. फरक शिक्षकाच्या ज्ञानाचा.

हे केवळ तर्काने म्हणतो असे कोणी समजू नये. लीह लिंडन या अर्थशास्त्रज्ञाने गुजरातमधील 'ज्ञानशाला' या उपक्रमात गणिताच्या एका संगणक-कार्यक्रमाची परीक्षा केली आणि २००८ साली तिचे निष्कर्ष मांडले. तोच कार्यक्रम शाळेच्या वेळात शिक्षकाच्या तासाऐवजी वापरला, तेव्हा मुले इतरांच्या मानाने मागे पडली. शाळेच्या वेळेबाहेर जादा सराव म्हणून वापरला, तेव्हा ती पुढे गेली. औषध एकच, एका पथ्याने गुण आला, दुसऱ्याने अपाय झाला. पेरू देशाने ८ लाखांहून अधिक लहान संगणक मुलांना वाटले. ३१९ ग्रामीण शाळांची तपासणी करणारा अहवाल २०१२ साली निघाला. सुमारे सव्वा वर्षाच्या वापरानंतर गणितात आणि भाषेत काहीही प्रगती आढळली नाही. उलट, दिल्लीत शाळा सुटल्यावर चालणाऱ्या केंद्रांतील ६१९ मुलांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साडेचार महिन्यांतच गणित आणि हिंदी या दोन्हींत चांगली सुधारणा दिसली. तेथे असे आढळले होते की सहावीतील मूल गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे आहे. म्हणून संगणक प्रत्येकाला सहावीचे नव्हे, तर तो जेथे खरोखर आहे तेथले गणित देत असे. आणि निम्मा वेळ लहान गटात शिक्षक शिकवीत असे. मूल कोठे उभे आहे हे आधी जाणले, मग यंत्र लावले. क्रम उलटा झाला की पेरू होतो.

महाराष्ट्राचाही एक दाखला आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये दहा लाख डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले, आणि त्यातील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. पाठ्यपुस्तकात क्यू. आर. कोड छापून त्यामागे कविता, गोष्टी, धडे ठेवण्याची त्यांची कल्पना गाजली. लोकांना तो काळा-पांढरा चौकोन लक्षात राहिला. पण त्यांच्या वर्गात कानडी बोलणारी मुले होती, आणि पाठ्यपुस्तकाची भाषा त्यांच्या घरची नव्हती, हे त्यांनी आधी पाहिले होते. म्हणून त्यांनी पुस्तके मुलांच्या मातृभाषेत आणली. तो चौकोन छापखान्यात कोणालाही छापता येतो. चौकोनामागे काय असावे, हे मुलाच्या घरी कोणती भाषा बोलतात ते जाणणाऱ्यालाच ठरविता येते.

येथे एक शंका घेतली जाईल. तंत्र दर दोन वर्षांनी बदलते. मग शिक्षकाने किती शिकत राहावे? शंका योग्य आहे. पण ज्ञानाच्या तिन्ही वर्तुळांचे आयुष्य सारखे नसते. बटणांचे ज्ञान दोन वर्षांत शिळे होते. २५ चे ५२ का होते, हे ज्ञान धूळपाटीच्या काळी उपयोगी होते, आज आहे आणि पुढचे यंत्र आले तरी राहील. ज्याच्याजवळ हे टिकाऊ ज्ञान आहे, तो नवे यंत्र आठवड्यात आपलेसे करतो. ज्याच्याजवळ नाही, त्याला दहा यंत्रे दिली तरी तो पाठ्यपुस्तकाचे पान पडद्यावर मोठे करून दाखविण्यापलीकडे जात नाही. मार्च २०२० नंतर साथीमुळे शाळा बंद पडल्या तेव्हा आपण सर्वांनी हे घरबसल्या पाहिले. एकाच तऱ्हेच्या दूरध्वनीवर एक शिक्षक तासभर एकटाच बोलत होता. दुसरा मुलांना अंगणातली झाडे मोजावयास सांगून दुसऱ्या दिवशी त्यांचा आलेख काढवून घेत होता.

तेव्हा श्रोतेहो, शेवटची गोष्ट शिक्षकांना नव्हे, आपणां नागरिकांना सांगावयाची आहे. शाळेला वस्तू देणारे, संस्थेच्या कार्यकारी मंडळावर बसणारे, ग्रामसभेत हात वर करणारे आपणच आहोत. संगणक किती आले, एवढेच आजवर आपण विचारीत आलो. यापुढे आणखी तीन प्रश्न विचारू या. हे यंत्र कोणत्या धड्यासाठी आहे, आणि त्या धड्यात मुले कोठे अडतात? ते वापरून पाहण्यास, चुकण्यास आणि शेजारच्या वर्गातील शिक्षकाबरोबर बसून धडा बसविण्यास मास्तरांना किती तास मोकळे दिले आहेत? आणि यंत्र आणताना त्यांना विचारले होते काय? जनगणना, निवडणूक, नाना प्रकारचे तक्ते यांत शिक्षकाचे दिवस घालवावयाचे आणि नवे तंत्र मात्र त्याने रात्री घरी शिकावे अशी अपेक्षा करावयाची, हा न्याय नव्हे. एखादा देणगीदार वीस टॅब्लेटऐवजी पंधरा देईल आणि उरलेल्या पैशांत तालुक्यातील गणिताच्या शिक्षकांना महिन्यातून एक दिवस एकत्र बसवील, तर त्याच्या देणगीचे छायाचित्र कदाचित निघणार नाही. पण ते पंधरा टॅब्लेट कपाटात जाणार नाहीत.

मद्रासच्या त्या शाळेत वाळूला पैसा पडला नव्हता. तरीही ती वापरणारा माणूस शोधावा लागला, आणि तो मिळाल्यावरच अक्षरे उमटली. आपल्या शाळांतील वाळू आता फार महाग झाली आहे. म्हणून तो माणूस तयार करण्याकडे आपण अधिक लक्ष दिले पाहिजे.